नववीत अडलेले गणित आणि सहावीतले अपूर्णांक : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावातील अनुदानित माध्यमिक शाळेतले आहे. विद्यार्थिनीचे नाव बदलून येथे वैदेही असे घेतले आहे आणि शाळा ओळखू येईल असे तपशील वगळले आहेत. मुलांच्या चुकांचे निदान करून देणारा निवृत्त गणित शिक्षक, एवढाच माझा यात भाग होता. निर्णय मुख्याध्यापक, विषयशिक्षिका आणि पालक यांनी घेतले.

वैदेही चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली आणि २०१९ मध्ये पाचवीला या शाळेच्या सेमी-इंग्रजी तुकडीत दाखल झाली. वडील साखर कारखान्यावर हंगामी कामगार आहेत आणि आई घरी ब्लाऊज शिवते. पाचवीचे वर्ष सरत आले असतानाच, मार्च २०२० मध्ये, शाळा बंद झाल्या. अपूर्णांकांवरील क्रिया, दशांश अपूर्णांक आणि समीकरणांची पहिली ओळख हे तिन्ही भाग राज्याच्या अभ्यासक्रमात सहावीला येतात; वैदेहीने ते सहावीचे वर्ष घरातल्या एकाच मोबाइलवर, तोही मोठ्या भावाशी वाटून घेत, काढले. पाचवी ते आठवीचे वर्ग जानेवारी २०२१ च्या अखेरीस राज्याच्या बऱ्याच भागांत उघडले, पण ते फार दिवस चालले नाहीत, आणि त्या वर्षी पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेविनाच वरच्या वर्गात घालण्यात आले.

सातवी आणि आठवी सुरळीत पार पडली, निदान प्रगतिपुस्तकावर तरी. आठवीला तिला गणितात शंभरपैकी ७१ गुण होते. शाळेची प्रश्नपत्रिका बरीचशी पाठ्यपुस्तकातल्या सरावसंचांवरून, अनेकदा आकडेही न बदलता काढली जात असे, आणि खासगी क्लासमध्ये तीच उदाहरणे परीक्षेआधी दोनदोनदा गिरवून घेतली जात. ७१ हा आकडा या दोन्ही गोष्टींसह वाचायला हवा होता.

अडचण

नववीत गणिताचे दोन भाग स्वतंत्र होतात : भाग एक बीजगणिताचा, भाग दोन भूमितीचा, आणि प्रत्येकाची लेखी परीक्षा ४० गुणांची. पहिल्या घटक चाचणीत ‘संच’ या प्रकरणावर वैदेहीला चांगले गुण मिळाले, कारण त्या प्रकरणाला मागचे फारसे काही लागत नाही. ‘वास्तव संख्या’ आणि ‘बहुपदी’ सुरू झाल्यावर मात्र तिची वही रिकामी राहू लागली, आणि प्रथम सत्राच्या परीक्षेत बीजगणितात तिला ४० पैकी ९ गुण पडले. पेपरच्या आदल्या रात्री पोट दुखायला लागणे, क्लासला जाताना रडणे हे प्रकार त्याच सुमारास सुरू झाले.

स्पष्टीकरणे प्रत्येकाकडे तयार होती. विषयशिक्षिकेच्या मते मुलगी निष्काळजी होती. वडिलांच्या मते क्लास बरोबर नव्हता. वर्गशिक्षिकेला वाटत होते की सेमी-इंग्रजी तिला झेपत नाही. वैदेहीचे स्वतःचे मत सर्वांत घातक होते : “मला गणिताचं डोकंच नाहीये.” हे मत ठरले की मूल उदाहरण वाचतानाच हात आखडते घेते, आणि विचार करायला लागणारी जागा मनातली धास्ती व्यापून टाकते. त्यामुळे भीती आधी की चुका आधी या वादात न पडता चुका नेमक्या कुठल्या आहेत ते पाहायचे ठरले.

निदान

उत्तरपत्रिका तपासून चूक दिसते, पण तिचे मूळ दिसत नाही. म्हणून वैदेहीला उदाहरणे मोठ्याने बोलत सोडवायला सांगितली. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ मध्ये यासाठी एक साधी उतरंड मांडली होती : मुलाला प्रश्न वाचता येतो का, त्याचा अर्थ कळतो का, अर्थावरून कोणती क्रिया करायची ते ठरवता येते का, ती क्रिया नीट करता येते का, आणि शेवटी उत्तर योग्य रूपात लिहिता येते का. पाच पायऱ्यांपैकी मूल कुठे घसरते हे विचारत गेले की ‘गणित कच्चे आहे’ या ढोबळ शेऱ्याची गरज उरत नाही.

पहिलेच उदाहरण ३४ भागिले ४ असे होते. वैदेहीने भागाकार व्यवस्थित मांडला, ‘चार आठे बत्तीस, बाकी दोन’ असे म्हटले आणि उत्तर लिहिले : ८.२. उरलेली बाकी तिने दशांश चिन्हापुढे ठेवून दिली होती. ०.३५ मोठे की ०.४, या प्रश्नावर तिने ०.३५ ला गोल केला, कारण पस्तीस चारपेक्षा मोठे. दोन्ही चुका एकाच समजुतीतून येतात : दशांश चिन्ह म्हणजे दोन स्वतंत्र पूर्ण संख्यांच्या मध्ये ठेवलेला ठिपका. अर्धा अधिक एक तृतीयांश याचे उत्तर तिने २/५ काढले, वरच्याची वरच्याशी आणि खालच्याची खालच्याशी बेरीज करून. दोन पंचमांश अर्ध्याहूनही लहान आहेत, मग अर्ध्यात काही मिळवल्यावर ते कमी कसे झाले, असे विचारल्यावर ती गोंधळून बघत राहिली. उत्तराकडे असे मागे वळून पाहायचे असते हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

समीकरणांत आणखी एक धागा सापडला. २क्ष + ३ = ११ हे तिने झटकन सोडवले : “तीन पलीकडे गेला की वजा होतो.” तेच समीकरण ११ = २क्ष + ३ असे लिहून दिल्यावर ती थांबली आणि “हे उलटं छापलंय” म्हणाली. बरोबर चिन्हाचा अर्थ तिच्या लेखी ‘आता उत्तर लिहा’ असा होता. दोन्ही बाजूंची किंमत सारखी आहे असे ते चिन्ह सांगते, हे नव्हे. म्हणूनच तिच्या वहीत १५ + ७ = २२ × २ = ४४ − ४ = ४० अशा ओळी सर्रास होत्या, आणि शेवटचे उत्तर बरोबर असल्यामुळे त्यांवर तांबड्या शाईची बरोबरची खूणही होती.

भाषेची बाजू तपासणे आवश्यक होते, कारण तुकडी बदलण्याचा प्रस्ताव तिच्यावरच उभा होता. ‘एक संख्या दुसरीच्या तिपटीपेक्षा पाचने कमी आहे’ हे शाब्दिक उदाहरण इंग्रजीत दिले तेव्हा ‘थ्राइस’ हा शब्द तिला माहीत नव्हता. मराठीत सांगितल्यावर अर्थ कळला, पण तिने मांडणी केली ती ५ − ३क्ष अशी. म्हणजे इंग्रजीने एक पायरी अडवली होती खरी, परंतु ती दूर केल्यावर पुढची पायरी तशीच निसरडी होती.

या सगळ्यात अनपेक्षित माहिती दिली ती आईने. शाळेत बोलावल्यावर त्या म्हणाल्या, “मॅडम, घरी तर ती माझ्याबरोबर कापड बेतते. चुकत नाही कधी.” तेव्हा वैदेहीला विचारले, छाती ३४ असेल तर चौथा हिस्सा किती? “साडेआठ,” ती लगेच म्हणाली, “आणि मायेला दीड, म्हणजे दहा.” काही मिनिटांपूर्वी याच भागाकाराचे उत्तर तिने ८.२ लिहिले होते. दोन्ही कागद समोर ठेवल्यावर ती हसली आणि म्हणाली, “पण ते शिवणकाम आहे, हे गणित आहे.”

हे तिच्यापुरते नाही. अर्थतज्ज्ञ अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातली मुले गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी करत होती आणि शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या, त्याहून सोप्या उदाहरणांवर अडखळत होती. त्याच अभ्यासात शाळेत जाणाऱ्या मुलांची गत नेमकी उलटी दिसली. वैदेहीमध्ये ही दोन्ही मुले एकत्र नांदत होती आणि त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय वडिलांचा होता : जिल्ह्याच्या ठिकाणचा मोठा क्लास, रोजची एसटी, आणि वर्षाची फी आगाऊ. तो नाकारताना विषयशिक्षिकेने मांडलेला मुद्दा निर्णायक ठरला. कोणताही क्लास नववीचाच अभ्यासक्रम आणखी वेगाने शिकवणार आणि दोन तासांचा प्रवास वर येणार. बहुपदींच्या भागाकारात ज्या मुलीला अपूर्णांक अडवतो आहे तिला बहुपदींचे अधिक भागाकार देऊन काय साधणार?

सेमी-इंग्रजीतून मराठी तुकडीत जाण्याचा पर्याय अधिक गांभीर्याने चर्चिला गेला. निदानातून भाषेचा वाटा समोर आला होता, पण तो दुय्यम होता, आणि वर्षाच्या मध्यावर तुकडी बदलणे म्हणजे ‘उतरवणे’ असा त्याचा अर्थ मुलीने आणि गावाने घेतला असता. म्हणून तुकडी बदलली नाही. माझ्या मते हा निर्णय योग्यच होता, मात्र त्याबरोबर एक अट घालायला हवी होती आणि ती घातली गेली : प्रत्येक नवी संज्ञा दोन्ही भाषांत, म्हणजे अंश आणि न्यूमरेटर, छेद आणि डिनॉमिनेटर, अशा जोडीने फळ्यावर येईल आणि उदाहरण आधी मराठीत समजावून घेण्याची मुभा राहील.

शाळेचा नेहमीचा उपाय म्हणजे जादा तास. त्यात चालू धड्याची उजळणी होते आणि परीक्षेपुरता उपयोगही होतो, पण मागे राहिलेले त्यात भरून निघत नाही. एके काळी अशा मुलांसाठी बीजगणित-भूमितीऐवजी सामान्य गणिताची वाट होती. आताच्या अभ्यासक्रमात ती नाही, त्यामुळे दहावीला बीजगणित आणि भूमितीला सामोरे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

राहिला शेवटचा पर्याय : नववीचे काही गुण गमावण्याची तयारी ठेवून सहावीच्या अपूर्णांकांपर्यंत मागे जाणे. त्याला वडिलांचा विरोध होता. “नववीत सहावीचं गणित? मग एवढी वर्षं फी कशाची भरली?” असे त्यांनी विचारले, आणि या प्रश्नाला कुणापाशी चांगले उत्तर नव्हते. विषयशिक्षिकेची हरकत वेगळी होती. साठाच्या वर मुलांच्या वर्गात अभ्यासक्रम पुरा करायचा असताना एकीसाठी तास कुठून काढायचा? त्यांची ही हरकत रास्त होती आणि पुढच्या आखणीला तिनेच वळण दिले.

मुख्याध्यापकांनी सुचवले की आधी निदानातली पाच उदाहरणे नववीच्या दोन्ही तुकड्यांना द्यावीत. दिली. ८.२ हे उत्तर अनेक वह्यांत निघाले, त्यात वर्गात वरच्या क्रमांकात असणारी दोन मुलेही होती. शिक्षकखोलीत यावर आश्चर्य व्यक्त झाले. माझ्या मते ते अनाठायी होते. मुलांच्या शिक्षणाच्या पातळीची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२३ च्या अहवालात, देशातील निवडक ग्रामीण जिल्ह्यांतील १४ ते १८ वयोगटात, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागू शकणारी मुले ४३ टक्क्यांच्या आसपासच होती. प्रश्न एका मुलीचा नाही हे दिसल्यावर तास काढणे सोपे झाले.

केलेली कार्यवाही

परिपाठाआधीचा वेळ ठरला आणि आठ मुलांचा गट केला. गटाला ‘कच्च्या मुलांचा वर्ग’ असे नाव पडू नये म्हणून वरच्या क्रमांकातली ती दोन मुले मुद्दाम त्यात घेतली. वैदेहीचा क्लास बंद करण्याची विनंती पालकांना केली, कारण क्लासचा गृहपाठ आणि हा अभ्यास एकमेकांच्या आड आले असते. फी परत मिळणार नव्हती, त्यामुळे वडील राजी व्हायला वेळ लागला. शेवटी आईनेच ते मनावर घेतले.

पहिले काही आठवडे एकही नियम सांगितला नाही. वैदेहीने घरून शिवणाचा टेप आणला. त्यावर बारा इंचांचा एक फूट धरला. फुटाचा अर्धा म्हणजे सहा इंच, फुटाचा तिसरा हिस्सा म्हणजे चार इंच. दोन्ही मिळून दहा इंच, म्हणजे फुटाचे दहा बारांश. आता २/५ शी तुलना करा, असे म्हटल्यावर मुलांनी स्वतःच दाखवून दिले की पाच इंचांनाही न पोहोचणारे उत्तर दहा इंच असूच शकत नाही. फुटाचे बाराच भाग का, दहा केले तर तिसरा हिस्सा रेघेवर का येत नाही, सहा चालतील का, या प्रश्नांतून लसाविची गरज आपोआप पुढे आली. नंतर ३४ भागिले ४ मध्ये उरलेल्या दोन इंचांचे चार वाटे टेपवर केले, आणि अर्धा इंच म्हणजे ०.५ ही नोंद ८ च्या पुढे लिहिली गेली.

यानंतर फळ्यावर एक समीकरण मांडले : क्ष/२ + क्ष/३ = १०. सुरुवातीच्या निदानात वैदेहीने हेच उदाहरण २क्ष/५ = १० असे करून क्ष = २५ काढले होते. या वेळी ती थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिली आणि कागद न घेता म्हणाली, “बाराच. हा फुटाचाच हिशेब आहे.” मग तिला तीच गोष्ट रीतसर लिहायला सांगितली, दोन्ही बाजूंना सहाने गुणून. अर्थ आधी आणि रीत नंतर, असा क्रम गटात त्यापुढे कायम राहिला.

‘पलीकडे नेणे’ या शब्दप्रयोगाला काही काळ बंदी घातली. दोन्ही बाजूंतून तीन वजा केले, असेच लिहायचे आणि असेच बोलायचे. पाठ्यपुस्तके यासाठी तराजूचे चित्र काढतात, पण गावातल्या दुकानांतही आता इलेक्ट्रॉनिक काटा आला आहे आणि पारडे झुकताना पाहिलेले मूल गटात एखादेच होते; म्हणून तराजू बाजूला ठेवून ११ = २क्ष + ३ अशी उलटी समीकरणेच अधिक दिली. गृहपाठाची उदाहरणे कमी केली, मात्र प्रत्येकाआधी उत्तराचा अंदाज आणि प्रत्येकानंतर ताळा बंधनकारक ठेवला. ताळा करण्याची सवय जुन्या अंकगणितात होती; परीक्षेत त्याला गुण नसल्याने ती मागे पडली असावी.

परीक्षेतील घसरण आणि कळीचा निर्णय

दुसऱ्या घटक चाचणीत वैदेहीचे गुण आणखी खाली आले. वडिलांनी त्याच दिवशी शाळेत येऊन मुलीला गटातून काढण्याची मागणी केली, आणि मुख्याध्यापकही त्या बाजूला झुकले होते. विषयशिक्षिकेने तेव्हा उत्तरपत्रिका सर्वांसमोर ठेवली. वैदेहीने निम्मेच प्रश्न घेतले होते, पण जे घेतले त्यांतले एक सोडून सर्व बरोबर होते, आणि त्या एका चुकीखाली तिने स्वतःच लिहिले होते : ‘ताळा जुळत नाही.’ आधीच्या परीक्षेत तिने जवळजवळ सगळे प्रश्न लिहिले होते आणि जवळजवळ सगळे चुकले होते.

ही घसरण वेगाची आहे, समजेची नाही, असा निष्कर्ष निघाला. गट चालू ठेवायचा, वर्षअखेरीपर्यंत गुणांवरून निर्णय घ्यायचा नाही आणि शेवटच्या टप्प्यात वेळ लावून सराव द्यायचा, असे ठरले. या क्षणी फक्त गुणतक्ता समोर असता तर वडिलांची मागणी मान्य झाली असती याविषयी मला शंका नाही.

परिणाम

नववीच्या द्वितीय सत्रात वैदेही उत्तीर्ण झाली, काठावर. दहावीला बीजगणितात तिने चांगली मजल मारली. वर्गसमीकरणे आणि अर्थनियोजन ही प्रकरणे तिच्या आवडीची झाली, त्यातही वस्तू व सेवा कराची उदाहरणे आईच्या कापडखरेदीच्या पावत्यांशी ताडून पाहण्याचा तिला नादच लागला. भूमिती मात्र शेवटपर्यंत जड गेली. आकृती वाचणे आणि सिद्धता क्रमाने लिहिणे हे वेगळे कौशल्य आहे आणि सकाळच्या तासाने त्याला हातच घातला नव्हता. २०२५ च्या शालान्त परीक्षेत तिला गणितात शंभरपैकी ५८ गुण मिळाले. आठवीच्या ७१ पेक्षा ते कमी दिसतात; माझ्या लेखी ते कितीतरी अधिक आहेत.

गटातल्या दोन मुलांनी मध्येच येणे सोडले, त्यांपैकी एकाच्या घरी ऊसतोडीच्या हंगामात सकाळी हाताखाली माणूस लागे. एक मुलगा दहावीत गणितात अनुत्तीर्ण झाला. त्याची अडचण मुळात संख्यानामांत आणि स्थानिक किमतीत होती, म्हणजे अपूर्णांकांच्याही बरीच आधी, आणि आठ जणांच्या एकाच आखणीत ती सामावली नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी ७१ गुणांचा प्रश्न येतो. २०२३ मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षेची तरतूद केली. वैदेहीची आठवी त्याआधीच झाली होती. पण ती परीक्षा असती तरी, प्रश्नपत्रिका सरावसंचांवरूनच निघणार असेल तर ८.२ लिहिणारी मुले तिच्यातूनही पुढे सरकली असती. पाच उदाहरणे, पंधरा मिनिटे आणि उत्तरासोबत ‘असे का केले’ ही एक ओळ, एवढ्याने आठवीच्या जूनमध्येच हे समोर आले असते. शाळा पुन्हा भरू लागल्यावर सहावीच्या त्या तीन भागांची अशी तपासणी कुठल्याच इयत्तेत झाली नाही, मागच्या इयत्तेच्या उजळणीचा सेतू अभ्यास घेतला गेला तोही बहुतांशी कागदोपत्री.

आईला शाळेत बोलावले गेले ते तक्रार ऐकवण्यासाठी. मुलगी घरी काय मोजते, काय हिशेब करते हा प्रश्न पालक सभेच्या नेहमीच्या विषयांत असता तर टेप वर्षभर आधी वर्गात आला असता. दुसरीकडे, टेपचा उपयोग किती ताणायचा याचेही भान हवे : ऋण संख्या आणि करणी यांना शिवणकामात जागा नाही, आणि तिथे गटातला उत्साह स्पष्टपणे मंदावला होता. संख्यारेषेवर शून्याच्या डावीकडे जाण्याची तयारी त्याआधीच सुरू करता आली असती.

शाळेने चालू वर्षापासून निदानाची पाच उदाहरणे आठवीच्या सुरुवातीला देण्याचे ठरवले आहे. विषयशिक्षिकेचे म्हणणे आहे की ती सहावीच्या शेवटी द्यावीत. त्या वर्गाला गणित शिकवणाऱ्या शिक्षकांचे म्हणणे आहे की सापडलेल्या मुलांसाठी तास कोण घेणार ते आधी ठरावे. वेळापत्रकात अजून ती जागा सापडलेली नाही.